सामना त्यांचा, मार आमचा

२५ ऑक्टोबर २०२१, सोमवार. आमच्या कुटुंब सल्ला केंद्राचं कुलूप उघडायला मी पोचले, तेव्हा एक बाई आधीच पायरीवर बसलेली होती. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, त्यावर ओढणी गुंडाळलेली. मांडीवर दोन वर्षांचं पोर झोपलेलं. तिला चहा पाजला, दवाखान्यात नेऊन आणलं, मग ती हळूहळू बोलती झाली. आदल्या रात्री दुबईला भारत-पाकिस्तान सामना होता. घरात नवरा, दीर आणि गल्लीतले चौघे टीव्हीसमोर. पोराला ताप होता म्हणून तिने दोनदा आवाज कमी करायला सांगितलं. सामना संपला, पाहुणे गेले आणि मग तिचा हात पिरगळला गेला.

मी तिचा अर्ज लिहून घेत होते. मारण्याचं तात्कालिक कारण काय, असं विचारलं. ती म्हणाली, "ताई, कारण काय सांगू? आपण दहा विकेटनी हरलो ना."

आपण हरलो! तिला क्रिकेटमधलं फारसं कळत नव्हतं. संघातल्या चार खेळाडूंची नावंही तिला सांगता आली नसती. तरी मार खाऊन आलेली ती बाई 'आपण'च म्हणत होती. गेली चार-साडेचार वर्षं तिचं ते 'आपण' माझ्या डोक्यातून जात नाही. भारत-पाकिस्तान क्रिकेटमधलं हे जे जुनं वैर आहे, ज्याला वर्तमानपत्रं 'महामुकाबला' म्हणतात, त्यातल्या 'आपण'मध्ये बाई नेमकी कुठे असते? मैत्रिणींनो, हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. क्रिकेटमुळे नवरे मारतात असं मी म्हणत नाही. त्या रात्री त्या माणसाने दिराला मारलं नाही, मित्रांना मारलं नाही. राग आवरत नाही म्हणणाऱ्याला राग कुणावर काढायचा हे बरोबर कळत असतं. मारण्याची परवानगी त्याला आधीच मिळालेली होती, सामन्याने फक्त मुहूर्त दिला. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००२, २००६ आणि २०१० या तीन फुटबॉल विश्वचषकांच्या काळातल्या लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. यात नवल नाही. पण इंग्लंड जिंकलं किंवा सामना बरोबरीत सुटला, त्या दिवशीही त्या २६ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. म्हणजे हरले तर जास्त मार, जिंकले तरी मार. तेव्हा प्रश्न जय-पराजयाचा नाही. खेळाला मर्दानगीची परीक्षा केलं की त्या परीक्षेचा निकाल घरी बाईच्या अंगावर लागतो, हा प्रश्न आहे.

वैर जन्माला आलं नाही, वाढवलं गेलं

आपल्याला असं वाटतं की हे वैर फाळणीबरोबरच जन्माला आलं. इतिहास तसं सांगत नाही. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानचा संघ पहिली कसोटी खेळायला दिल्लीत आला, तेव्हा त्यांचा कर्णधार होता अब्दुल हाफिज कारदार. हा माणूस १९४६ मध्ये भारताच्या संघातून इंग्लंडला जाऊन खेळून आलेला होता. त्यांचा अमीर इलाही हाही आधी भारताकडून कसोटी खेळला होता. भारताचे कर्णधार लाला अमरनाथ लाहोरला वाढलेले. जेमतेम पाच वर्षांपूर्वी पंजाब रक्तात न्हाऊन निघाला होता, हजारो बायकांवर अत्याचार झाले होते, पळवून नेलेल्या कितीतरी बायका अजून घरी परतल्या नव्हत्या. वैर करायचंच असतं तर तेव्हा कारणं ताजी होती. तरी दिल्ली, लखनौ, मुंबई, मद्रास, कलकत्ता असे पाच सामने झाले. लखनौला पाकिस्तान जिंकलं, दिल्लीला आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत जिंकला. १९५५ मध्ये लाहोरला कसोटी झाली, तेव्हा हजारो भारतीय सीमा ओलांडून सामना बघायला गेले.

मग १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली. १९६१ पासून १९७८ पर्यंत, सतरा वर्षं, दोन्ही देश एकमेकांशी कसोटी खेळलेच नाहीत. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा घरोघर टीव्ही यायला लागले होते. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना जावेद मियांदादने चेतन शर्माला षटकार मारला. एका तरुण गोलंदाजाचा एक चेंडू चुकला, एवढीच ती गोष्ट. पण ती राष्ट्राच्या अपमानाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. त्या चेंडूबद्दल चेतन शर्माला पुढे आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं.

ऑक्टोबर १९९१ मध्ये आपल्या मुंबईत शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणून टाकली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानाचं तेच झालं. खेळपट्टी खणणाऱ्यांना देशाभिमानाचं प्रशस्तिपत्र मिळालं. पण त्याच महिन्याच्या अखेरीस चेन्नईत काय झालं ते आठवा. पाठीच्या दुखण्याने वाकलेल्या सचिनने १३६ धावा काढल्या, तरी भारत अवघ्या १२ धावांनी हरला. आणि चेपॉकवरच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. एकाच महिन्यात, एकाच देशात, एका शहरात कुदळ आणि दुसऱ्या शहरात टाळ्या! म्हणजे हे वैर रक्तात नसतं, कोणीतरी ते निवडत असतं. कुदळ निवडणाऱ्यांचा आवाज मोठा होता आणि त्यात बाजाराला फायदा होता, म्हणून पुढे तेवढंच ऐकू येत राहिलं.

'बाप कोण?' या विनोदात आई कुठे असते?

या आवाजाची भाषा जरा नीट ऐकू या. 'ठोकलं', 'लोळवलं', 'घरात घुसून मारलं', 'नामर्द', 'बायल्या', 'बांगड्या भरा'. आमच्या वस्तीत पाकिस्तानविरुद्ध झेल सुटला की आठ वर्षांचा मुलगाही म्हणतो, "बांगड्या भरल्यात काय हातात!" त्याची आई शेजारी बसलेली असते. तिच्या हातात बांगड्या असतात. त्याच हातांनी ती सकाळी चार घरची धुणीभांडी करून, दोन हंडे पाणी डोक्यावर आणून, रात्री त्याला जेवू घालते. तिच्या हातातली वस्तू म्हणजे दुबळेपणाची खूण, हे त्याने कुठे शिकलं? सरकारी अधिकारी काम करत नाही म्हणून त्याच्या टेबलावर बांगड्या नेऊन ठेवणाऱ्या पुढाऱ्यांकडून शिकलं, आणि सामना बघता बघता बापाकडूनही शिकलं.

जाहिरातवाल्यांनी ही भाषा विकायला काढली. २०१५ च्या विश्वचषकात 'मौका मौका' आलं. पराभूत शेजाऱ्याला वर्षानुवर्षं खिजवत राहण्याची ती गंमत होती. १६ जून २०१९ च्या मँचेस्टरच्या सामन्याचा दिवस नेमका 'फादर्स डे' होता, तेव्हा वाहिनीने भारत हा पाकिस्तानचा बाप आहे असं सुचवणारी जाहिरात केली. सीमेपलीकडूनही सभ्यपणा झाला नाही. तिथल्या एका वाहिनीने, पकडल्या गेलेल्या आपल्या वैमानिकाची टिंगल करणारी जाहिरात काढली. इकडे लोक हसले, तिकडे लोक हसले.

मला त्या बापाच्या विनोदाबद्दल बोलायचं आहे. 'मी तुझा बाप आहे' हे वाक्य आपल्याकडे शिवी का होतं? कारण त्याचा अर्थ 'मी तुझ्या आईशी निजलो' असा होतो. दोन पुरुषांमधला, दोन संघांमधला, दोन राष्ट्रांमधला हा विनोद एका बाईच्या देहावरून जातो, पण ती बाई त्यात कुठेच दिसत नाही. फाळणीत दोन्हीकडच्या पुरुषांनी एकमेकांच्या बायकांचे देह वापरून जे प्रत्यक्षात केलं, त्याची सावली या विनोदात आहे. त्यावर हसणाऱ्यांनी एकदा आपल्या आजीच्या पिढीतल्या पंजाबी बायकांना डोळ्यांसमोर आणावं.

हरले ते, लक्ष्य झाल्या त्या

माझ्याकडे आलेल्या त्या बाईची रात्र आणि देशातल्या बाकी घटना वेगळ्या नाहीत. त्याच २४ ऑक्टोबर २०२१ च्या पराभवानंतर मोहम्मद शमी या गोलंदाजाला, तो मुसलमान आहे म्हणून, गद्दार ठरवण्यात आलं. कर्णधार विराट कोहली त्याच्या बाजूने ठामपणे उभा राहिला. धर्मावरून कुणाला लक्ष्य करणं निंद्य आहे असं त्याने जाहीरपणे सांगितलं. त्यानंतरच्या दिवसांत धमकी आली. कुणाला? कोहलीला नव्हे, त्याच्या नऊ-दहा महिन्यांच्या मुलीला! बलात्काराची धमकी. दिल्ली महिला आयोगाने दखल घेतली, मुंबई पोलिसांनी एका सुशिक्षित तरुणाला अटक केली. पुढे २०२३ मध्ये तक्रारदाराच्या संमतीने गुन्हा रद्द झाला. खटल्याचं काय झालं ते बाजूला ठेवू. पण पाळण्यातल्या मुलीच्या देहावर बापाचा सूड घ्यायचा, ही कल्पना कुणाच्या तरी मनात येते आणि ती लिहायला हात धजावतो, एवढ्यावर तरी आपली झोप उडायला हवी.

त्याच पराभवानंतर राजस्थानातल्या एका शाळेतल्या मुसलमान शिक्षिकेने पाकिस्तान जिंकल्याचा आनंद व्यक्त करणारा मजकूर मोबाइलवर ठेवला. तिची नोकरी गेली आणि तिला अटकही झाली. तिचा मजकूर आवडणं न आवडणं वेगळं. पण खेळातल्या टाळीसाठी बाईला तुरुंग, हा कुठला न्याय? चेपॉकवर १९९९ मध्ये टाळ्या वाजवणाऱ्या हजारोंना मग काय करायला हवं होतं?

सानिया मिर्झाचं तर काय सांगावं! या हैदराबादच्या मुलीने टेनिसमध्ये देशासाठी विजेतेपदं आणली. तिने पाकिस्तानच्या शोएब मलिकशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक सामना हा तिच्या निष्ठेची परीक्षा झाला. २०१९ मध्ये पाकिस्तान हरलं तेव्हा तिकडच्या लोकांनी तिला दोष दिला, तिच्यामुळे नवऱ्याचं खेळावरचं लक्ष उडालं म्हणून. इकडचे लोक तर बोलतच होते. शेवटी २०२१ च्या सामन्याआधी तिने जाहीर केलं की, त्या दिवशी ती समाजमाध्यमांवर थांबणारच नाही. सासर एकीकडे, माहेर दुसरीकडे, आणि दोन्हीकडून 'तू नक्की कुणाची?' हा प्रश्न. मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला ओळखीचा नाही का? लग्न झालेल्या प्रत्येक बाईला तो रोज विचारला जातो. सानियाला तो दोन देशांनी मिळून विचारला, इतकंच.

दुसरा इतिहास

या सगळ्या गदारोळात एक दुसरा इतिहास चालू होता, ज्याची दखल क्रिकेटच्या जाड जाड पुस्तकांत दोन ओळींत संपते.

१९७३ मध्ये आपल्या देशात महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ मध्ये शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळली. पुरुषांच्या क्रिकेट मंडळाने महिला क्रिकेट ताब्यात घ्यायला २००६ उजाडलं.

तिकडे कराचीत शैझा आणि शर्मीन खान या दोघी बहिणी. इंग्लंडमध्ये शिकताना क्रिकेट खेळल्या आणि पाकिस्तानात बायकांचा संघ उभा करायचाच, या ध्यासाने परतल्या. धमक्या आल्या, विरोध झाला, बायकांनी मैदानात उतरणं धर्माला धरून नाही असं सांगितलं गेलं. तरी जानेवारी १९९७ मध्ये त्यांचा संघ न्यूझीलंडमध्ये जाऊन खेळला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विश्वचषकासाठी चक्क भारतात येऊन गेला. मार्च २००४ मध्ये कराचीत वेस्ट इंडीजविरुद्ध किरण बलोचने एका डावात २४२ धावा काढल्या आणि शैझाने सामन्यात १३ बळी घेतले. महिला कसोटीतले हे दोन्ही विक्रम आहेत. त्यांच्या देशातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? आणि आपल्या देशातल्या किती जणांना डायना एडलजी किंवा शांता रंगास्वामी ठाऊक आहेत? या बाबतीत मात्र दोन्ही देश सख्ख्या भावांसारखे.

भारत आणि पाकिस्तानच्या मुली पहिल्यांदा एकमेकींशी एकदिवसीय सामना खेळल्या त्या डिसेंबर २००५ मध्ये, कराचीत. पुरुषांच्या पहिल्या सामन्यानंतर त्रेपन्न वर्षांनी! कसोटी तर या दोन देशांच्या मुली आजवर एकदाही खेळलेल्या नाहीत. १९ मार्च २०१६ ची गोष्ट घ्या. विश्वचषकात दोन्ही देशांचे सामने एकाच दिवशी होते. रात्री कोलकात्यात पुरुषांचा, दुपारी दिल्लीत मुलींचा. दिल्लीचं मैदान तेच, सतरा वर्षांपूर्वी खणलेलं कोटला. पाऊस आला, गणित मांडलं गेलं आणि आपल्या मुली दोन धावांनी हरल्या. पाकिस्तानकडून, आणि तेही भारताच्या राजधानीत. कुणी टीव्ही फोडला? कुणाचा पुतळा जाळला? कुणाचा हात पिरगळला? राष्ट्राचं नाक कापलं गेल्याची बातमी कुठे आली नाही, कारण राष्ट्राचं नाक मुलींच्या बॅटवर ठेवलेलंच नव्हतं. हा दुर्लक्षाचा अपमान होता, पण त्या अपमानात एक मोकळीकही होती. मुली फक्त क्रिकेट खेळू शकत होत्या.

या मोकळिकीतून काय उगवलं ते ६ मार्च २०२२ रोजी न्यूझीलंडमध्ये दिसलं. विश्वचषकाचा सामना, भारत १०७ धावांनी जिंकला. पाकिस्तानची कर्णधार बिस्माह मारूफ सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन स्पर्धेला आली होती, मुलीला सांभाळायला तिची आई सोबत होती. पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये खेळाडू मातांसाठी बारा महिन्यांची पगारी रजा, करार चालू राहण्याची हमी आणि दौऱ्यावर मूल सांभाळणारं माणूस नेण्याची सोय असा नियम केला होता. बिस्माह त्याची पहिली लाभार्थी. सामना संपला आणि आपल्या मुली त्या बाळाभोवती गोळा झाल्या, त्याला हसवायला लागल्या. तो फोटो जगभर गेला. लोक म्हणाले, किती गोड! मला त्यात गोडपणापेक्षा मोठं काही दिसलं. खेळ आणि मूल यांतलं एक निवड, असं प्रत्येक बाईला सांगितलं जातं. तिथे एक बाई दोन्ही घेऊन उभी होती आणि तिची 'शत्रू' तिचं कौतुक करत होती. हरवूनही माणसाला माणूस ठेवता येतं, हे त्या पोरींनी दाखवलं.

हात कुणी आखडला?

मग २०२५ आलं. २२ एप्रिलला पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ जणांना ठार केलं. आपल्या महाराष्ट्रातले सहा जण त्यात होते. बायकोच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला गोळी घातली. त्या दु:खापुढे क्रिकेट ही फार क्षुल्लक गोष्ट आहे, हे मी मान खाली घालून मान्य करते.

पण त्या दु:खाचं पुढे काय केलं गेलं, ते पाहा. एका तरुण विधवेने मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, असं सांगितलं. तिच्यावर इतकी गलिच्छ टीका झाली की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. दुसऱ्या एका विधवेने सप्टेंबरमधला आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना होऊ नये, लोकांनी तो पाहू नये, असं आवाहन केलं. तिचंही कुणी ऐकलं नाही. एकीने शांततेची भाषा केली, दुसरीने बहिष्काराची. दोघींची मतं वेगळी, पण दोघींना मिळालेलं उत्तर एकच: तुमचं कुंकू आम्ही वापरू, तुमचं मत नको.

१४ सप्टेंबरला दुबईत सामना झालाच. जाहिरातींचे पैसे आले, प्रक्षेपणाचे पैसे आले. फक्त हस्तांदोलन झालं नाही. म्हणजे पैसा घेताना हात आखडला नाही, हात मिळवताना आखडला! पुढच्या रविवारी पाकिस्तानच्या फलंदाजाने अर्धशतकानंतर बॅट बंदुकीसारखी धरून दाखवली, त्यांच्या गोलंदाजाने विमानं पडल्याच्या खुणा केल्या. अंतिम सामना जिंकून आपल्या संघाने चषक घ्यायला नकार दिला. दोन्हीकडचे पुरुष मनसोक्त युद्ध-युद्ध खेळले. युद्धात मेलेल्या माणसांच्या घरी त्या वेळी काय चाललं असेल, याचा विचार करायला कुणाला उसंत नव्हती.

आणि मग हे ओझं मुलींच्या डोक्यावर आलं. ५ ऑक्टोबरला कोलंबोत महिला विश्वचषकाचा सामना होता. हस्तांदोलन होईल याची खात्री देता येत नाही, असं मंडळाच्या सचिवांनी आधीच सांगून टाकलं. आपल्या मुली ८८ धावांनी जिंकल्या आणि हात न मिळवता परतल्या. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या संघाच्या मुली बाळाला खेळवत होत्या, त्याच संघाच्या या मुली.

मी त्या मुलींना दोष देत नाही. त्यांच्यापैकी कुणाला मनापासून हात मिळवावासा वाटला नसेल, तर तो तिचा अधिकार आहे. माझा प्रश्न इतकाच, की त्यांना विचारलं कुणी? बायका मैदानात आल्या, प्रेक्षक आले, पैसा आला, आणि लगेच पुरुषांनी आपलं भांडण त्यांच्या हाती दिलं: घ्या, आता हेही तुम्हीच पुढे चालवा. सासूने सुनेला घराण्याची भाऊबंदकी समजावून सांगावी, तसं. अमुक घरी पाणी प्यायचं नाही, तमक्या जावेशी बोलायचं नाही. का? आपल्यात तसंच आहे.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत याच मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. आमच्या वस्तीतल्या मुलींनी त्या रात्री रस्त्यावर येऊन नाच केला. मुली, रात्री बाराला, रस्त्यावर, आणि कुणी 'घरात जा' म्हणालं नाही! कुणाचा बाप काढावा लागला नाही, कुणाला बांगड्या भरायला सांगावं लागलं नाही. शत्रू नसतानाही आनंद पुरेसा होतो, हे त्या रात्री आम्ही पाहिलं.

थोडं माझ्याबद्दल, थोडं आपल्याबद्दल

कुणी म्हणेल, या बाईला क्रिकेट आवडत नाही, म्हणून ही बोलते. मला क्रिकेट फार आवडतं. १ मार्च २००३, सेंच्युरियनचा सामना. महाशिवरात्र होती. घरात काका, मामा, शेजारी मिळून पंधरा पुरुष. मी दहावीच्या आसपासची. आई, काकू आणि मी स्वयंपाकघरात साबुदाण्याचे वडे तळत होतो. सचिनने शोएब अख्तरला मारलेला तो थर्डमॅनवरचा षटकार मी हातात झारा घेऊन, दाराच्या फटीतून, काकांच्या खांद्यावरून पाहिला. पुढचं सगळं ओरडण्यावरून ओळखलं. सचिन ९८ वर बाद झाला तेव्हा बाहेर एकदम शांतता पसरली आणि आई हळूच म्हणाली, "आता चहा टाक, चिडचिड होईल." तिला स्कोअर माहीत नव्हता. तिला घरातलं हवामान माहीत होतं.

आपल्यापैकी कितीजणी हे हवामान ओळखत जगतात! म्हणून शेवटी काही मागण्या. त्या मोठ्या नाहीत.

भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री चौकाचौकांत पोलीस बंदोबस्त लागतो. त्याच रात्री ११२ आणि १८१ वर येणाऱ्या बायकांच्या फोनकडेही तेवढ्याच तत्परतेने पाहिलं जावं. 'आज मॅच आहे, उद्या या' हे उत्तर चालणार नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सामन्याच्या दिवशी सुट्टीवर नसतो.

खेळाडूच्या बायकोला, मुलीला, आईला बलात्काराची धमकी देणं ही चाहत्याची निराशा नाही, तो गुन्हा आहे. तो तसाच नोंदवला जावा.

कुणाशी हात मिळवायचा आणि कुणाशी नाही, हे ठरवताना महिला संघातल्या खेळाडूंना विचारलं जावं. हस्तांदोलनाला राष्ट्राचा सन्मान म्हणणाऱ्यांनी पैशाचा हिशेबही द्यावा. २०२२ पासून सामन्याचं मानधन समान झालं, उत्तम झालं. पण २०२५ मध्ये पुरुषांच्या वरच्या श्रेणीचा वार्षिक करार ७ कोटींचा होता आणि मुलींच्या वरच्या श्रेणीचा ५० लाखांचा. राष्ट्राची इभ्रत सारखी वाहायची, तर मोल चौदापट कमी का?

आणि घरात? पुढच्या सामन्याला वडे पुरुषांनी तळावेत. टीव्हीसमोरची मधली खुर्ची आजीला द्यावी. मुलगा 'बांगड्या भरल्यात काय' म्हणाला की सामना तिथेच बंद करून त्याला आईच्या हातांकडे बघायला लावावं. एवढं धाडस आपण दाखवलं, तरी हे वैर आपल्या उंबऱ्याच्या बाहेर थोपवता येईल.

त्या सोमवारी पायरीवर बसलेली बाई पुढे माहेरी गेली, मग भाड्याची खोली घेऊन वेगळी राहिली. आता ती एका शाळेत खिचडी शिजवते. मागच्या वर्षी विश्वचषकाच्या दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन केंद्रात आली होती, उगाच, भेटायला. हसत म्हणाली, "ताई, आपण जिंकलो."

या वेळी त्या 'आपण'मध्ये ती होती.